शेवटच्या ओळीला

“शेवटच्या ओळीला काढायचास हात. आधी नाही हं. आधी काढलास तर कट्टी, कायमची.”

ताईचा आवाज. ताई चौदाची आणि तो अकराचा होता तेव्हाचा. सपाट, ओला, शेवटाला किंचित वर उचललेला. सेहेचाळीस वर्षं झाली, तरी तो कानात कधी येत नाही. कानात आला असता तर कानाला सवय झाली असती. तो येतो उजव्या तळहातात. लेकराच्या मानेखाली हात गेला, पाण्यानं भिजलेली ती लव बोटांना लागली, की तळहात ऐकू लागतो. आधी नाही हं. मग तो मनातल्या मनात मान डोलावतो आणि पोरांना सांगतो, “चला, म्हणा गाणं.” पोरं म्हणतात. कुणाची जीभ जड, कुणाला अर्धेच शब्द येतात, एकाला तर शब्द येतच नाहीत, तो नुसता हुंकारावर चाल धरतो. पण बावीस वर्षांत या उथळ टोकाला आलेलं एकही पोर ते गाणं शिकल्याशिवाय परत गेलं नाही.

पाण्या पाण्या, जागा दे,
पाठीखाली दुलई दे,
आभाळाला नजर दे,
हात सुटला, सोबत दे.

गाणं ताईचं. घरातल्या फरशीवर उताणं पडून, छताकडे बघत तिनं ते रचलं होतं, एका दुपारी. पोरांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं, बेडूकसरांचं आहे. तो पाण्यात उतरताना गुडघे फाकवून उतरतो म्हणून बेडूकसर. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण तरणतलावाच्या फळ्यावर शनिवारच्या तासापुढे तेच लिहिलेलं असतं. खोल टोकाला शिकवणारा तगडा मास्तर त्याला हसतो. “अहो, सांगून सोडलं की पोर घाबरणारच. धरलंय, धरलंय म्हणत राहायचं आणि गुपचूप सोडायचं. सगळी दुनिया अशीच पोहायला शिकली.” दुनियेचे पाय चालतात. दुनियेला बुडता बुडता तळाला पाय टेकवता येतो. त्याच्याकडे येणाऱ्या लेकरांना आधीच बऱ्याच जणांनी गुपचूप सोडलेलं असतं. दुखणार नाही म्हणून सुई टोचलेली असते, लगेच येते म्हणून आई दवाखान्याच्या दाराआड गेलेली असते. त्यांच्या अंगाला एकच गोष्ट कळते, हात आहे की नाही. म्हणून नियम एकच. हात शेवटच्या ओळीला निघेल. निघताना कळेल असा निघेल, एकेक बोट करत. आणि बावीस वर्षांत तो नियम मोडला नव्हता, काल दुपारपर्यंत.

काल दुपारी कॅप्टनचा दहावा तास होता. आठ वर्षांची पोर. पायांत जोर नाही, कमरेपासून खाली दोन ओल्या दोऱ्या लोंबाव्यात तसे पाय. पण तोंडात अख्ख्या वर्गाचा जोर. पहिल्याच दिवशी चाकाच्या खुर्चीतून तिनं बजावलं होतं, “मला कॅप्टन म्हणायचं. आणि सर, तुमचं एवढं पोट आहे, तुम्ही बुडायचं म्हटलं तरी बुडणार नाही. मला का पोट नाही दिलं?” तो हसला होता. तिच्या मानेखाली पहिल्यांदा हात घातला तेव्हा मात्र हसू तिथंच राहिलं. ताईची होती तशीच बारीक मान, तसाच मागचा खळगा. देव एकाच साच्यातून पुन्हा पुन्हा काढतो की काय माणसं, आणि साचा तडकलेला असला तरी टाकून देत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं होतं आणि त्यानं ते पाण्यात सोडून दिलं होतं.

काल तास सुरू व्हायच्या आधी कॅप्टनची आई बाकावरून उठून कठड्याशी आली. हातात लांब लिफाफा. “सर, शाळेचं पत्र आलंय. तिकडची, राहायची शाळा. हिच्यासारख्या मुलींचीच आहे, सगळं आहे म्हणे, तलावसुद्धा. सोमवारी कळवायचंय.” मग लिफाफ्याची कड दुमडत, उलगडत, हळू आवाजात, “तुम्हाला म्हणून सांगते. ही एकदा स्वतःच्या स्वतः पाण्यावर राहिलेली मला या डोळ्यांनी दिसली ना, तर मी पाठवीन. नाहीतर नाही. तिकडे कोण बघणार हिच्याकडे?”

तिकडे कोण बघणार हिच्याकडे. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. दुसऱ्या घरात, वडिलांच्या जाड आवाजात, कोट खुंटीला अडकवता अडकवता बोललेलं. तेव्हाही एक पत्र होतं, एक शाळा होती, आणि एक नवी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं ताईचं नाव घातलेलं. ती ट्रंक अजून घरात आहे. तिच्यात रजया असतात. नाव निम्मं उडालंय.

पाण्यात उतरला तेव्हा छातीत काहीतरी घाईनं चालू लागलं होतं. कॅप्टन उताणी झाली, कान पाण्याखाली गेले, गाणं सुरू झालं. कान पाण्याखाली गेले की बाहेरचं जग बंद होतं. आपलाच आवाज डोक्याच्या घुमटीत फिरत राहतो आणि छातीचे ठोके दार वाजवल्यासारखे ऐकू येतात. जागा दे म्हणेपर्यंत त्याच्या तळहातावर तिचं वजन होतं, ओल्या पाखराएवढं. दुलई दे म्हणताना ते वजन गेलं. आपसूक. पाण्यानं ते त्याच्याकडून मागून घेतलं. आणि त्याच्या लक्षात यायच्या आधी त्याचा हात खाली सरकला होता, इतका हळू की जिथं हात होता तिथं पाणी हाताच्याच आकाराचं होऊन थांबलं असणार. पोर तरंगत होती. त्यानं दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, वर केले, कोपरांवरून थेंब निथळत होते, आणि बाकाकडे बघितलं. बघा. बघा ना बाई. आई पिशवीत मान घालून चष्मा शोधत होती.

आभाळाला नजर दे, कॅप्टननं एकटीनं म्हटलं. मग हात सुटला, असं म्हणाली आणि थांबली. ती वाट बघत होती. शेवटच्या ओळीला हात निघताना कळायचा असतो, एकेक बोट करत, नऊ आठवडे तो तसाच निघाला होता. निघायला काही नव्हतं. तिच्या डोळ्यांत आधी नवल आलं, मग ते नवल काळं झालं, अंग मधून मोडलं आणि तोंडावरून पाणी गेलं. एका क्षणात त्यानं तिला उचललं. खोकली, ओकली, रडली नाही. आई धावत आली, चष्मा अर्धाच कानावर. “काय झालं? हिनं काही केलं का? उसळी मारली का हिनं?”

तेच शब्द. माणसं बदलतात, शब्द कुठल्या तरी फडताळात घडी करून ठेवलेले असतात आणि वेळ आली की ज्याच्या हाताला लागतील तो ते काढतो. आणि त्यानं, सत्तावन्न वर्षांच्या, पांढऱ्या छातीच्या बेडूकसरांनी, काय केलं? त्याच फडताळात हात घातला. “जरा हलली ती,” तो म्हणाला.

कॅप्टननं त्याच्याकडे बघितलं. एवढी बडबडी पोर, एक अक्षर बोलली नाही. टॉवेलात गुंडाळलं, खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, तरी नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी खुर्ची पोचली तेव्हा मान न वळवता म्हणाली, “मी हलले नव्हते.” आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. “असू दे गं. नाही जायचं कुठं. घरीच बरं आपलं.” आणि चाकांच्या दोन ओल्या रेघा फरशीवर राहिल्या, त्या वाळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

घरी येताना बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली, तरी बाहेर काही दिसलं नाही. काचेत तळं होतं. शहराबाहेरचं, खाणीत साठलेलं, कडेला तांबडी माती. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर ताई, तिचे पाय आईच्या ओढणीनं दांडीला बांधलेले, लटकून चाकात जाऊ नयेत म्हणून. “अरे, मी काय पार्सल आहे का?” ती म्हणायची, आणि उतारावर ओरडायची, “अजून जोरात, पार्सल फुटत नाही!” वडील कामावर, आई मावशीकडे, आणि दोघं पाण्यात. काठावर कुणी नव्हतं. एक बगळा होता, तोही पाठ करून. पाठीखाली दुलई दे, म्हणताना ताईचं वजन त्याच्या हातावरून गेलं. इतकं सोपं होतं ते. घरात जिला उचलताना वडिलांची कंबर धरायची, आई सुस्कारा टाकायची, ती ताई पाण्यावर पानासारखी. त्याला वाटलं, हे आपल्याला तिच्याआधी कळलंय. अकरा वर्षांच्या छातीत मावत नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर केले, रिकाम्या काठाकडे, त्या बगळ्याला दाखवले. ताई गात होती. आभाळाला नजर दे. हात सुटला. आणि थांबली. वाट बघितली. मग तिचा चेहरा तसाच काळा झाला आणि ती खाली गेली. आणि त्याला काहीच सापडेना, हात नाही, खांदा नाही, शेवटी वेणी सापडली. वेणीनं ओढून त्यानं तिला काठावर आणलं. त्या वेणीचा पीळ अजून त्याच्या मुठीत आहे.

वडिलांनी विचारलं, तेव्हा तो थंडीनं कुडकुडत होता. थंडीनंच, असं त्यानं स्वतःला पुढं कितीतरी वर्षं सांगितलं. “हिनं उसळी मारली का?” हो, तो म्हणाला. तिनंच उसळी मारली. माझा हात निसटला. आणि वडिलांनी, जे कधी कुणाच्या पाठीवरून हात फिरवत नसत, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरानं बहिणीला वाचवलं. आठ दिवसांनी शाळेला नकाराचं पत्र गेलं. भावाच्या हातात असताना असं करते, तिकडे कोण बघणार हिच्याकडे? आणि ताई? तिनं मानलं. हेच त्याला सगळ्यात जड गेलं, तिनं मानलं. वाट बघत होते, इतकं आठवतं, ती म्हणायची, मग काय झालं कुणास ठाऊक, अंगानं दगा दिला. पुढं तिनं टेलरची काजं केली, चाळीस वर्षं, खिडकीत बसून. हजारो सदऱ्यांना तिच्या हातची काजं, त्या सदऱ्यांतली माणसं गावोगाव फिरून आली. कुणी नवं माणूस घरी आलं की ती हसत सांगते, “मला एकदा पाण्यात घातलं होतं ह्यानं. मी मेलीनं उसळी मारली! असलं अंग माझं, ह्यानं वेणी धरली म्हणून बसलेय तुमच्यासमोर.” माणसं हसतात. तोही हसतो. त्यानं लग्न केलं नाही, पोरांना पोहायला शिकवलं, घरी आला, तिला औषधं दिली. लोक म्हणतात, काय भाऊ आहे. सांगायचं तर कितीदा ओठांवर आलं. पण सांगून तिच्या हाती काय ठेवणार? तू तरंगत होतीस, हे एका हातानं द्यायचं आणि म्हणजे तू जाऊ शकली असतीस, हे दुसऱ्या हातानं. वर्ष सरलं की दुसरा हात आणखी जड व्हायचा.

आज रविवार. रविवारी ताईचे केस धुवायचे. गेल्या वर्षापासून तिचे खांदेही वर जाईनासे झाले. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं म्हातारपणी दुसऱ्या वाटेनं परत येतं. काजं सुटली, मग कंगवा सुटला. तेव्हापासून मोरीतल्या बेसिनला पाठ लावून तिची खुर्ची ठेवायची, कडेवर दुमडलेला टॉवेल, त्यावर तिची मान, आणि मानेखाली त्याचा उजवा हात. डाव्या हातात पाण्याचा मग. केस आता वेणीपुरतेही नाहीत. पाणी ओतलं की डोक्याची कातडी दिसते, लेकरासारखी गुलाबी.

“बेडूकसर, कानात पाणी जाऊ देऊ नका. आणि हाताला तो क्लोरीनचा वास आहे तुझ्या. केसांचा झाडू करशील माझ्या.”

“झाडू तर झालाच आहे.”

“हो का? मग झाड घर त्यानं.” ती डोळे मिटून हसली. मग डोळे न उघडता, “काल जेवला नाहीस नीट. काय झालंय?”

“एक पोर आहे. कॅप्टन म्हणतो तिला. काल जरा नाकातोंडात पाणी गेलं तिच्या.”

“अगं बाई. उसळी मारली?”

त्यानं मग बादलीत बुडवला. बादलीत त्याचा चेहरा मोडला आणि पुन्हा जुळला. “तिला एका शाळेत जायचं होतं. राहायच्या. आता आई नको म्हणतेय.”

“बरोबर आहे आईचं,” ताई म्हणाली. अगदी साधेपणानं, पाऊल मोजून टाकावं तसं नव्हे, वाटेवरचं कधीचं माहीत असलेलं वळण घ्यावं तसं. “असल्या अंगाचा काय भरवसा? माझ्यासारखीच असणार ती. जाऊन तिथं काही झालं असतं म्हणजे?” आणि त्याचा हात मानेखाली असताना ती हळूच गुणगुणू लागली, पाण्या पाण्या, जागा दे, कारण केस धुताना ती नेहमीच गुणगुणते, साठीची, दात पडलेली, चालीत एक सूरही न चुकता.

खुर्चीशेजारच्या खिडकीतला फोन वाजला. त्याचे दोन्ही हात ओले. “थांब, मी दाबते,” ताईनं खुर्चीच्या हातावर टेकवलेलं कोपर तसंच ठेवून स्पीकरच्या बटणाकडे बोट लांबवलं, आणि कॅप्टनच्या आईचा आवाज मोरीभर झाला.

“सर, सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय. उद्या कळवायचंय, म्हणून. पोर कालपासून बोलत नाही हो. जेवण नाही, काही नाही. एकच वाक्य, मी हलले नव्हते, मी हलले नव्हते. मी रागावले, खोटं बोलू नकोस म्हटलं. सर खोटं कशाला बोलतील?” तिनं श्वास घेतला. “तुम्ही फक्त एवढंच सांगा. ती हलली होती ना?”

मगमधलं पाणी संपलं होतं. एक थेंब काठाला लोंबत होता, पडत नव्हता. तळहातावर ताईच्या डोक्याचं वजन होतं, सगळं, साठ वर्षांचं. तिनं ते त्याच्यावर टाकून दिलं होतं, रविवारी टाकते तसं, जराही न राखता. त्याला वाटलं, आपण आता हललो तर हे डोकं बेसिनच्या कडेवर आपटेल. त्याला वाटलं, फोन आपोआप बंद पडेल. कॅप्टनच्या घरातली खोली दिसली, तिथली कधीच न पाहिलेली खिडकी, खिडकीत खुर्ची, खुर्चीत चाळीस वर्षं.

“नाही,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?”

“हलली नव्हती ती. मी हात काढला होता. गाण्यात दुसऱ्या ओळीलाच काढला, तिला न सांगता. तुम्हाला दाखवायला. ती तरंगत होती बाई. दोन ओळी, एकटी. तुम्ही चष्मा शोधत होतात. शेवटच्या ओळीला ती माझा हात निघायची वाट बघत होती, तो कळला नाही म्हणून घाबरली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तिला सांगा, सर खोटं बोलले. नको, मीच येऊन सांगतो. तुम्ही पत्र पाठवा.”

पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज, आणि दूरवर, “ए कॅप्टन, इकडे ये बाळा,” आणि फोन ठेवल्याची खट.

ताईचं गुणगुणणं कधीच थांबलं होतं. कधी थांबलं, ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. दुसऱ्या ओळीला, या शब्दांवर तिच्या मानेतली शीर ताठ झाली होती. डोळे मिटलेलेच. पापण्यांवर पाण्याचे बारीक मणी. बेसिनच्या भोकातून पाणी उतरताना करतं तसा घोट घेतल्याचा आवाज झाला, तो बेसिनचा होता की तिचा, कळलं नाही. टॉवेलाच्या टोकावरून एकेक थेंब फरशीवर पडत होता. ती वाट बघत होती. तो चेहरा त्याला माहीत होता. त्यानं तो काल पाहिला होता आणि सेहेचाळीस वर्षांपूर्वी पाहिला होता.

“आणि माझा?” ताई म्हणाली.

त्यानं मग खाली ठेवला. दुसराही हात तिच्या डोक्याखाली घातला.

“तुझाही. दुसऱ्या ओळीला. तू उसळी मारली नाहीस, ताई. पुढचं सगळं तू एकटीनं म्हटलंस, पाण्यावर. तुझ्याखाली कुणी नव्हतं.”